पलीकडून कोण?

बिश्केक सुटलं की एकदा,
बोगद्यातून बाहेर आलास की एकदा,
आला-बेलची खिंड उतरलास की एकदा.
दिवसातून तीनदा विचारायची मी, कुठवर आलास?
आणि तू म्हणायचास, आलोच.
तोक्तोगुलला चार तास असले तरी, आलोच.

मला वाटायचं, हीच माया.
तुझ्या कानाला लागून मीही येतेय घरी
सुसामीरच्या पठारावरून, मेंढ्यांच्या धुळीतून.

त्या दिवशी मी कांद्यांचं विचारलं होतं.
पाच किलो पुरतील का, चाळीस माणसं जेवायला.
तू म्हणालास, दहा घे, आणि
वाक्य तिथेच राहिलं.
आधी टायरांची किंचाळी.
मग एक आवाज, ओली सतरंजी दगडावर आपटावी तसा.
मग घोडीचं खिंकाळणं. बराच वेळ.

फोन चालूच होता, मेदेरबेक.
मी ओरडत होते आणि माझा आवाज
सीटखाली कुठेतरी पडून
एकटाच ओरडत होता.

शिंगरू गेलं. तू वाचलास.
करंगळी अजून वळत नाही तुझी.
शिंगराचे पैसे मालकाला दोन हप्त्यांत दिले.
कांदे पाचच किलो आणले.
पुरले.

कुणी मला बोल लावला नाही, तूही नाही.
म्हणून तर झोप येईना.
जुना नमदा कापला, थैली शिवली,
वर मेंढ्याच्या शिंगाची नक्षी.
(फोनला कसली नक्षी, तुझी आई म्हणाली.)
सांगितलं, निघताना ह्यात घालायचा
आणि मागच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर द्यायचा.
तू म्हणालास, कानात घालायचं ते यंत्र घेतो की,
हात मोकळे राहतात.
मी म्हटलं, त्या दिवशी तुझे हात कुठे गेले होते?
तू कांद्यात होतास.

तेव्हापासून माझा फोन परकी माणसं उचलतात.
उझगेनचा एक दातांचा डॉक्टर.
मॉस्कोहून रिकाम्या हातानं परतणारा पोरगा,
आईला काय सांगू, मलाच विचारत बसला.
एक बाई, मांडीवर पिल्लांचा खोका,
तिच्यापेक्षा पिल्लंच जास्त बोलली.
सगळे म्हणतात, ते गाडी चालवताहेत,
काही निरोप?
निरोप नसतो.
कधी नव्हताच, हे आता कळतंय.

रात्री थैली हुंगते.
कधी तंबाखू, कधी सफरचंद,
कधी कुणाच्या तरी बाळाचं दूध.

आज एका मुलीनं उचलला. सहा-सात वर्षांची असेल.
म्हणाली, आम्ही थांबलोय.
घोडे चाललेत रस्त्यावरून.
किती गं?
थांबा, मोजते.
एक, दोन, तीन, पांढरा, चार
सतरापर्यंत गेली, चुकली,
पुन्हा पहिल्यापासून.
शेगडीवरचं दूध उतू गेलं, जाऊ दिलं.

एक पिल्लू मागे राहिलंय, म्हणाली,
मधोमध उभंय.
आणि काका?
काकांनी गाडीच बंद केली.
हात मांडीवर ठेवून बसलेत.
फोन देऊ त्यांना?

नको, म्हटलं.
तू मोज.