सात मिनिटं

विगोच्या बंदरामागे तारल्या डबाबंद करणारा कारखाना.
तिथली पगारपत्रकं मी करतो.

मंगळवारी साबेला आउतेरालला ताप भरला.
पट्ट्यापाशीच उलटी आली,
ती तिने अ‍ॅप्रनमध्ये झेलली, माशांवर पडू दिली नाही.
अकरा बावन्नला कार्ड टेकवलं
न् निघाली, पायीच. बसला अवकाश होता.

आमचं यंत्र पाव-पाव तासानं मोजतं.
बावन्न त्याला कळत नाही, ते पंचेचाळीस लिहितं
आणि पुढचं कोरं सोडतं.
कोरं म्हणजे शून्य,
हे मला कुणी शिकवलेलं नाही. हाताला सवय आहे.

शुक्रवारी ती आली. ओठावर तापाची पुटकुळी.
पाकीट काचेखालून परत सरकवलं.
"दुपारनंतरचं काय ते कायद्यात बघा,
तुम्हाला वाचता येतं.
मी सात मिनिटांसाठी आलेय.
तेवढ्यात एकोणीस डबे भरलेत मी,
हात लटपटत होते, तरी एक मासा वाकडा नाही.
विकणारच ना ते?"

मी म्हटलं, यंत्राचं असं आहे, की…

मागे रांगेतून कार्मेने वही काढली.
दोन वर्षांची मिनिटं,
पेन्सिलीनं,
एकेकीच्या नावापुढे:
कुणाची पाठ, कुणाचा दमा, कुणाचं नुसतंच 'बरं नाही'.
काही पानांना खारं पाणी लागून अक्षर फुटलेलं.

काचेखालची फट पाकिटापुरतीच आहे.
वही आडवी धरली, उभी धरली.
मग मी उठलो,
बाजूचं दार उघडलं.