दोन सेंटांचं पत्र

पत्र लिहायचे मी दोन सेंट घेतो.
नसतील त्याने सिगारेट द्यावी, अर्धीही चालेल.
तंबूच्या मधल्या खांबाला कंदील, खाली खोक्याचं मेज,
आणि समोर एकेक माणूस, हात मांडीखाली दाबून,
हात काही बोलून बसतील अशी भीती असल्यासारखा.

क्रेसेन्सिओ म्हणतो, लिही, मी मजेत आहे.
लिहितो.
फिदेन्सिओ म्हणतो, लिही, मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे.
जेवण म्हणजे पांढरा पाव आणि त्यात काहीतरी गोडूस.
मिरचीवाचून जिभा मुक्या झाल्यात आमच्या.
लिहितो.
आबुंदिओ बराच वेळ गप्प. मग म्हणतो,
तिला विचार, खेचर व्यालं का.
अरे, खेचर वीत नाही.
तेच विचार, म्हणतो. हसेल ती.

कुदळीबद्दल लिहायला कुणी सांगत नाही.
दांडा वीतभर. लांब असता तर उभं राहता आलं असतं,
आणि उभा माणूस मुकादमाला लांबून रिकामा दिसतो.
म्हणून वाकायचं. बीटाची रोपं विरळत जायचं,
एक ठेवायचं, बाकीची उपटायची, एक ठेवायचं.
आयडाहोची जमीन अशी सपाट
की ओळ संपते तिथे थेट आकाश लागतं.
तिथून परत.

बीटाची साखर होते, साखरेची दारू,
आणि त्या दारूची दारू,
बंदुकीतली.
हे आम्हाला स्टेशनावर बँड लावून सांगितलं होतं.
तुम्हीही शिपाईच, म्हणाले.
करारातली बारीक अक्षरं इंग्रजीत होती,
अंगठा तेवढा आमच्या भाषेतला.
शंभरातले दहा कापून ठेवतात. घरी गेल्यावर मिळतील म्हणे.
कोणत्या खिडकीवर, ते लिहिलेलं नाही.

मालकिणीच्या खिडकीत निळी चांदणी टांगलेली असायची.
या घरातला एकजण लढाईवर आहे, अशी ती खूण.
येता-जाता आम्ही तिच्याकडे बघायचो,
आभाळाकडे बघावं तसं, सवयीने.
काढणीला महिना होता तेव्हा एका सकाळी
ती सोनेरी झालेली दिसली.
त्या दिवशी मुकादम ओरडला नाही.
दुपारी आम्ही टोप्या काढून जेवलो. कुणी सांगितलं नव्हतं.

दहिवर पडायला लागलं तशी हाल्वर्सनबाई शेतात आली.
हातात बूट.
सगळ्यांचे पाय बघत ओळीने चालली.
क्रेसेन्सिओपाशी थांबली. त्याच्या तळव्याला
सायकलच्या टायरचा तुकडा, तारेने आवळलेला.
तिला आमची भाषा नाही, आम्हाला तिची.
बूट ढेकळांवर ठेवले, नीट, जोडून,
उंबऱ्यापाशी ठेवतात तसे,
आणि मागे न बघता गेली.

नाड्या बांधलेल्या होत्या. त्या पोरानेच मारलेली गाठ असणार.
क्रेसेन्सिओने सोडली नाही.
बूट दोन बोटं मोठे, गाठीसकट पाय आत गेला.
चवड्यापुढे त्याने वर्तमानपत्र कोंबलं,
आम्हाला वाचता न येणाऱ्या लढाया.

शनिवारी गावात गेलो.
खाणावळीच्या दारावर पाटी होती तीच: कुत्री नकोत, आम्ही नकोत.
क्रेसेन्सिओ फुटपाथवर उभा राहिला.
पाव काचेतून दिसत होता, वाफ दिसत होती.
ते बूट आत जाऊन जेवले असतील
कितीदा तरी.

रात्री तो दोन सेंट घेऊन आला.
लिही, म्हणाला. बीट काढणीला आलंय. थंडी आहे.
माझे पाय कोरडे आहेत.
बुटांचं लिहू?
नको.
कंदिलाची वात त्यानेच खाली केली, मग वर केली.
ती विचारेल, कुणाचे.

तो गेल्यावर आबुंदिओला घरून आलेलं उत्तर वाचून दाखवायचं होतं.
वाचायचे मी पैसे घेत नाही.
चार ओळी. पाऊस बरा. धाकटीला दात आलेत.
खेचर अजून व्यालं नाही,
वाट बघतोय.