पाव फेरा

म्युनिकच्या बाहेर, बीटाच्या शेतांना लागून
एकशे वीस मीटर लांबीची पोलादी नळी.
आतली हवा उपसायला अख्खी रात्र जाते,
त्या रात्रीत कोर्बिनियान तीनदा कॉफी करतो
आणि एकदाही पीत नाही.

नळीच्या या टोकाला ॲल्युमिनियमचा तुकडा,
सध्या तोच आमचा तारा.
त्या टोकाला जाळी: एका मिलिमीटरात सहा हजार ओरखडे,
वर सोन्याचा मुलामा.
नख लागलं तर दोन वर्षं मातीत.

ॲल्युमिनियमची रेघ मुळात एक नाही, दोन आहेत,
इतक्या बिलगून की कच्च्या जाळीला एकच दिसते.
दुधाचं दूध, पाण्याचं पाणी,
एवढीच परीक्षा.

मंगळवारी एकच. रुंद, सुजलेली.
गुरुवारीही.
रोस्विटा काही बोलली नाही. हवा आत सोडली,
हातमोजे चढवले, आणि चौकटीचा डावीकडचा स्क्रू
पाव फेरा सैल केला.
"फार घट्ट धरलं होतं आपण."

पुन्हा पंप. पुन्हा रात्र.
पडद्यावर ठिपके येत राहिले एकेक,
चिक्कू दुकानदाराने सुटे मोजून द्यावेत तसे.
चारच्या सुमारास त्या ढिगाला मधोमध खाच पडली.
मला वाटलं, माझेच डोळे.
खाच खोल होत गेली.

वर, जिथे हिला जायचंय,
तिथे स्क्रू सैल करायला कुणी नसेल.

कोर्बिनियानने थंड कॉफी उभ्याउभ्या संपवली.
मी वहीत आकडा लिहिला, तारीख, तापमान,
आणि खाली, रकाना नसताना,
रोस्विटाचं नाव.