यातली कोणती तुमच्याकडे नाही?

वागळे इस्टेटीतल्या कंपनीचा गोरा इंजिनिअर
चंबूगबाळं आवरून मायदेशी गेला,
त्याची रद्दी जांभळी नाक्यावर किलोनं आली.
बाबांनी त्यातलं एक पान चार आण्यांना उचललं.
आई म्हणाली, चार आण्यांना मला
करंदीचा एक वाटा विकावा लागतो.

पान म्हणजे जाहिरात.
वर एक केसाळ माणूस, खुर्चीवर उलटा बसलेला,
मांडीवर गिटार, आजारी पोरासारखी.
डेस्मंड थ्रेल त्याचं नाव.
खाली त्याच्या आठ रेकॉर्डी, काडेपेटीएवढ्या,
दोन रांगांत, शाळेच्या ग्रुप फोटोसारख्या.
आणि मधोमध ढोबळ अक्षरांत एक प्रश्न.
शेजारच्या फर्नांडिस मास्तरांनी वाचून सांगितला:
यातली कोणती तुमच्याकडे नाही?

बाबा हसले ते हसतच राहिले.
"सगळ्याच," म्हणाले, "कळवा त्याला, आठच्या आठ."

उजव्या कोपऱ्यात पानाला खिडकी पडली होती.
तिथलं कुपन साहेबानं नीट कापून नेलेलं,
वर एक ओळ तेवढी राहिलेली:
पोच व्हायला अठ्ठावीस दिवस धरावेत.
साहेब गेला तेव्हा झाले होते का अठ्ठावीस?
मी त्या भोकाला डोळा लावून खाडी बघायची.

मास्तर भाव वाचत होते, पौंड न् पेन्स.
बाबांचं लक्ष नव्हतं. ते अक्षरं बघत होते,
फुगलेली, एकमेकांच्या अंगावर रेललेली,
हळदीच्या रात्री अंगणात झोपलेल्या पाहुण्यांसारखी.
"यांना शिरोरेषा नाही," म्हणाले.
"कशाला धरून उभी आहेत ही?"

त्याच आठवड्यात उथळसरच्या वेलजीभाईंची पाटी होती.
पिठाची गिरणी.
बाबांनी 'प'चं पोट सोडलं, 'ग'ची काठी वितळवली,
शिरोरेषा मधेच झोल खाणारी,
दोरीवरच्या ओल्या धोतरानं खाल्ल्यासारखी.
वेलजीभाई रस्ता ओलांडून गेले, लांबून पाहिलं, परत आले.
"अक्षरं पाघळलीत, नाखवा.
गिऱ्हाईक म्हणेल पीठ ओलं आहे."
पाच रुपये कापले.

मग कोपरीचं सायकल मार्ट.
मग चरईतला दातांचा डॉक्टर, त्यानं पाटी घेतलीच नाही,
ती आम्ही कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.
नंतर मात्र लोक मागायला लागले,
ते तुमचं फुगीर द्या.
दोन-तीन वर्षं तलावपाळीच्या आसपास
निम्म्या दुकानांची नावं गात होती
आणि गाणं कुणाचं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाबांनाही. रंग ढवळता ढवळता मी विचारलं होतं,
हा गातो कसा?
ब्रश दातांत धरूनच ते बोलले:
"पोटातून. अक्षरं बघ ना.
उभ्या रेघेला श्वास घेतो,
गोलात सोडतो."

परवा नातवानं फोनवर लावून दिला तो माणूस.
आठच्या आठ. आजी, कुठली?
आवाज बारीक निघाला, नाकातला,
कुणाची तरी माफी मागत असल्यासारखा.
पोट कुठे लागलंच नाही.
राहू दे चालू, म्हटलं, बोंबील साफ होईतो.
तिसरी बरी होती.

पाट्या सगळ्या भंगारात गेल्या, फ्लेक्स आल्यावर.
एक आहे. चेंदणीच्या बंदरावर
दत्तूमामाची होडी चिखलात पालथी पडलीय,
तिच्या नाळेवर बाबांचं फुगीर,
एकवीरा प्रसन्न.
निळा उडाला, पिवळी कड राहिली.
होडी पालथी, म्हणून अक्षरंही उलटी,
शिरोरेषा खाली गेलीय
आणि ती तिच्यावर उभी आहेत.
मी मान वाकडी करून वाचते.