खारं

इंजिन चालू असलं की बुडाशी दोन बोटं पाणी.
बंद केलं की थांबतं.
एवढंच सांगितलं मी ओतिलिया गिनेओला,
धक्क्यावर, सकाळी,
तिच्या लोकरी टोपीला चुलीच्या धुराचा वास होता.
तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकली.
"खारं.
हिरवट, बुळबुळीत असतं तर इंजिनच्या पोटातलं म्हटलं असतं.
हे खाडीचं आहे."

ओहोटी चारला.
चारनंतर दालकाउएत होड्या चिखलात बसतात
आणि पंप पाण्याऐवजी वाळू ओढू लागतो.
मी पाने काढले, बारा, तेरा, चौदा.
"ठेव ते," ती म्हणाली, "आधी पुसायचं.
ओल्या इंजिनात सगळंच गळतं."

तास गेला पुसण्यात.
प्रत्येक नळी, कोपर, नळीवरचा पट्टा,
पट्ट्याची खालची बाजू, जिथं गंज धरतो आणि कुणी पाहत नाही.
मग तिनं पिशवीतून बटाट्याचं पीठ काढलं
आणि तळहातावरून फुंकलं.
माझं म्हातारं इंजिन, ला पोर्फियादाचं इंजिन,
भट्टीवरच्या पोऱ्यासारखं पांढरं झालं.

मी बोट दाखवलं
त्या नळीकडे, जिला तीनदा चिकटपट्टी गुंडाळली होती.
खाली कोरडी.
थंड करणाऱ्या नळकांड्याच्या टोपणाशी हिरवी पूड.
"जुनी खपली," ती म्हणाली, नखानं खरवडून,
"आता नाही गळत. चालव."

चालवलं.
ओठांना रंग लावायच्या डबीतला आरसा तिनं पंपाखाली धरला.
दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. इंजिन बोलत होतं.
मग पिठात एक काळी रेघ उतरली,
पंप जिथं इंजिनाला टेकतो त्या सांध्यातून.

बोटानं चाचपत ती म्हणाली,
"इथं, पोटाशी, एक भोक असायला हवं."
नव्हतं.
करड्यावर करडा रंग होता, जाड.
तो रंग मी ओळखला. आमच्या दाराचा.

"पंपात दोन सील असतात," ती मला सांगत होती,
माझ्याकडे न बघता,
"एक समुद्र अडवतं, एक तेल.
मध्ये मोकळी जागा, आणि तिच्या तळाला हे भोक, मुद्दाम ठेवलेलं.
समुद्राचं सील झिजलं की इथून ठिबकतं.
म्हणजे माणसाला कळावं.
बेलार्मिनोला ठिबकणं बघवेना, बुजवलंन्."

तोच हिवाळा असणार
ज्यात बापानं खोकला अंगावर काढला,
रुमाल स्वतःच धुवायचा, खिडकी उघडी टाकून.

तेलाची कांडी तिनं ओढून चिंधीवर पुसली.
दूध घातलेल्या कॉफीचा रंग.
"जरा उशीर," ती म्हणाली. मग, "फार नाही."

सेफ्टी पिनेनं रंग खरवडला, टोक आत घातलं, फिरवलं.
निघाली काडी.
आगपेटीची.
गुल शाबूत, आतल्या बाजूला, कधी न ओढलेला.

पाणी क्षणभर भोकाशी लोंबलं
आणि पडलं.
तिनं सार्डिनचा रिकामा डबा खाली सरकवला.
मिनिटाला नऊ थेंब. मोजले आम्ही दोघांनी,
ती ओठ हलवत, मी मनात.
मग समुद्राची तोटी बंद केली, तेव्हा सहा, दोन,
मग नुसती ओल.

"सील कास्त्रोत मिळतील, गुरुवारी.
तेल दोनदा बदल.
तोवर चालवू नकोस. आणि पैसे नकोत, बटाटे दे."

चारला चिखल दिसू लागला.
होडी हळूच कुशीवर कलली, नेहमीसारखी.

काडी मी घरी नेली,
चुलीच्या कडेला ठेवली. वाळली.
पेटते का, अजून पाहिलेलं नाही.