टाचेला

अगं, ऊठ.
चार वाजले आणि लख्ख उजाडलंय.
इवाकी डोंगराच्या माथ्यावर
धुतल्या पातेल्याला चिकटलेल्या भातासारखं
तेवढंच बर्फ उरलंय,
आणि तू मात्र पांघरुणातून बाहेर यायच्या आधीच
कुरकुरायला लागलीस.

तुझ्यावर राग नाही माझा.
शिडी माझीच होती, तीन पायांची.
तिसरा पाय ओल्या मातीत रुतला
आणि वरच्या फांदीवरचं सफरचंद हातात आलं
तेवढ्यात मी खाली.
पडतानाही ते सोडलं नाही मी.
तू फुटलीस.
अंड्याच्या कवचासारखी, डॉक्टर म्हणाले.
मला वाटलं, अंड्यात निदान काहीतरी असतं.

मॅरेथॉनला अकरा दिवस उरले होते.
छातीवर लावायचा नंबर, २०७१,
हिशेबाच्या वहीत खूण म्हणून घातला.
बूट दाराजवळच्या कपाटात, छत्र्यांच्या मागे.
येईल त्याला सांगत सुटले,
चोपन्नाव्या वर्षी कसली पळापळ!
आणि लोक इतक्या चटकन हो म्हणाले
की त्यांचाच राग आला.

हायाते, तो पोरगेला फिजिओ,
एक्सरे उजेडाला धरून म्हणाला,
हाड जुळलंय, कासाई-सान.
तुझ्यात दोन स्क्रू, शेजारी शेजारी,
बसथांब्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे.
मग भीती कुठाय, मी विचारलं.
तो ओशाळला. ती या फिल्मवर येत नाही.

चालताना येते.
बर्फावर पाऊल टाकायच्या आधी
सगळं अंग तुझ्याकडे कान लावून उभं,
घरात कुणी आजारी असलं की
रात्री सगळे त्याचा श्वास मोजतात, तसं.
कान लावून पळता येत नाही गं.
पळायचं म्हणजे तुला विसरायचं.

एप्रिलात बर्फ उतरला
तेव्हा खालच्या ओळीतली सात झाडं सोलून निघालेली.
हिवाळाभर बर्फाखाली उंदरांनी
साल कुरतडली होती, खोडाच्या चहूबाजूंनी.
पांढरं लाकूड उघडं.
तोमेकिची, माझा नवरा, चिखलात गुडघ्यावर बसला.
छाटणीतल्या काड्या जपून ठेवलेल्या,
एक टोक जखमेखालच्या सालीत,
दुसरं वरच्या सालीत,
मधली जखम तशीच, तिच्यावरून पूल.
मी सुतळी आवळत होते.
धरेल का?
'झाडाला विचारून नाही करत आपण,' तो म्हणाला
आणि पुढच्या खोडाकडे सरकला.

त्या संध्याकाळी मी काही ठरवलं वगैरे नाही.
पाऊस होता, छत्री शोधत होते,
बूट हाताला लागले, एवढंच.

नदीच्या बांधावर विजेचे खांब आहेत.
एक खांब पळाले. दोन खांब चालले.
तू ओरडलीस, मी थांबले.
पुन्हा एक खांब.
पूर्वी तीस किलोमीटर झाले की नुसती भूक लागायची,
आता पाच खांबांत रडू फुटलं.
दुखत होतं म्हणून नाही.
पाचव्या खांबाला हात लावला आणि लक्षात आलं,
चौथ्यापासून इथवर
मी तुझी चौकशीच केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तू सुजलीस, तेही सांगते.
आठवडाभर पुन्हा छत्र्यांच्या मागे.
मग परत.

सातांतल्या पाच झाडांना पालवी आलीय.
दोन गेली. तोमेकिचीनं ती अजून तोडली नाहीत,
जाता-येता खोडाला नख लावून बघतो.

काल फॉर्म भरला. त्याला सांगितलं नाही.
मागे राहिलेल्यांना गोळा करत
शेवटी एक बस येते, ठाऊक आहे.
तिच्या ड्रायव्हरचं तोंड बघायची इच्छा नाही,
पण दिसलंच तर
कमरेत वाकून नमस्कार करीन
आणि खिडकीजवळची जागा मागीन.

चल. आज अठरा खांब.
तू कुरकुर कर.
मी नाड्या बांधते.