खाली

फ्रिजवरचा तक्ता:
सोमवारी तबला, मंगळवारी पोहणं,
बुधवारी पुन्हा तबला, तिथूनच स्कॉलरशिपचा क्लास,
आणि गुरुवारी
मी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं
'बुद्धिबळ?'

निहारिका रिक्षात डबा खाते.
केसांना क्लोरीनचा वास,
बोटांना बटाट्याच्या भाजीची हळद,
त्याच बोटांनी बाभई नाक्याच्या सिग्नलला
माझ्या मांडीवर तीनताल.
ड्रेस पिवळा होतोय, मी काही बोलत नाही.
'सोळाचा पाढा तरी म्हण.'

म्हणते. ठेक्यातच म्हणते,
हातानं टाळ्या देत.
सोळा साते बारोदरसे,
सोळा आठे अठ्ठावीसासे,
आणि मग नुसताच हात
हवेत उलटा करून सोडून देते.
रिक्षावाला आरशातून बघतो.

'नऊ कुठे गेले गं?'
'नवव्या मात्रेला खाली असते, आई.
तिथे वाजवायचं नसतं.'
आणि पुढे, दाही एकशे साठ.

रात्री बुद्धिबळ पुसलं.
प्रश्नचिन्ह काही नीट गेलं नाही,
पेन्सिल फार दाबून धरली होती मी.
भांडी घासताना सोळा नव्वे
चव्वेचाळासे म्हणून बघितलं दोनदा,
परीक्षेत विचारलंच तर.
दुसऱ्यांदा
साबणाचा हात वर गेला,
थोडा वेळ तसाच राहिला.